रजिस्टर आधी कोण बंद करणार?

वाचकाचं पत्र

ताई,

मी कोपरखैरण्याला राहते आणि रबाळे एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत सिस्टीम्स विभाग बघते. विभाग म्हणजे मी आणि एक ट्रेनी मुलगा. कामगार, सुपरवायझर, ऑफिस सगळे धरून आम्ही १८० जण. बाहेरचं सॉफ्टवेअर महाग पडतं म्हणून साहेबांनी ‘आपलंच ॲप करा’ असं सांगितलं. आठ महिने खपून आम्ही ते केलं. हजेरी, रजेचा अर्ज, ब्रेकडाऊनची नोंद, पाळी बदलतानाचा हँडओव्हर, गेटपास, सगळं एकात. गुढीपाडव्याला नारळ फोडून सुरू केलं, पेढे वाटले.

चार महिने झाले. ऑफिसातले लोक रजेपुरतं वापरतात. शॉपफ्लोअरवर मात्र रजिस्टरच चालतं. ब्रेकडाऊनच्या नोंदी महिन्याला जेमतेम वीस-पंचवीस येतात, त्याही पाळी सुटताना पाच मिनिटांत पाच अशा. कारणाच्या रकान्यात सगळीकडे ‘अदर’. तीन वेळा ट्रेनिंग घेतलं, तिन्ही वेळा सकाळी अकराला. समोर माना डोलावतात, पाठ फिरली की जैसे थे. मशीन शॉपचे फोरमन आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. ते भर मीटिंगमध्ये म्हणाले, “मॅडम, ॲप छान आहे तुमचं. पण माझं रजिस्टर माझ्याशी खोटं बोलत नाही.” सगळे हसले. त्यात कुणीतरी उठवलंय की ॲपमुळे आपण कुठे जातो ते कंपनीला कळतं. आम्ही लोकेशन फक्त हजेरीच्या वेळी घेतो.

आता साहेबांनी दिवाळीपर्यंत शंभर टक्के वापर हवा असं सांगितलंय. ॲपवर हजेरी नाही तर हजेरीच नाही, आणि ब्रेकडाऊन न भरणाऱ्याला २०० रुपये दंड. सर्क्युलर मलाच लिहायचंय. लोक जुन्या वळणाचे आहेत म्हणून असं होतंय, की माझं ॲपच वाईट आहे? सक्ती करू का? सोबत सहा स्क्रीनशॉट जोडलेत. तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या, मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

तुमची एक वाचक

उत्तर

सर्क्युलर लिहू नकोस. या आठवड्यात तर नकोच. साहेबांनी विचारलं तर सांग, मजकूर कायद्याच्या बाजूने तपासून घेतेय. ते खोटंही नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

तुझं पत्र आल्यावर मी तुला उलट तीन प्रश्न पाठवले होते. ते आणि तुझी उत्तरं इथे देते, कारण पत्रापेक्षा जास्त काही त्या उत्तरांत सापडलं. शॉपफ्लोअरवर मोबाईल नेता येतो का? तू लिहिलंस, मशीनवरच्या कामगारांना नाही, सुरक्षेसाठी बंदी आहे, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सुपरवायझरच्या केबिनबाहेर एक टॅब लावलाय. ॲप आल्यावर रजिस्टर बंद केलं का? नाही, ऑडिटरला सहीचा कागद लागतो म्हणून दोन्ही चालू ठेवलंय. ब्रेकडाऊनची नोंद केल्यावर ती कुणाला दिसते? साहेबांना, डॅशबोर्डवर. मेंटेनन्सला फोन करावा लागतो किंवा माणूस पाठवावा लागतो; शिवाय सुपरवायझर लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर ते फोटो टाकतात.

आता डॅशबोर्ड बाजूला ठेव आणि सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, उभ्या असलेल्या माणसाच्या जागी जा. मशीन थांबलं. हाताला कूलंट, म्हणजे मशीन थंड ठेवायचं पाणी, लागलंय. त्याने सुपरवायझरला सांगितलं, सुपरवायझरने ग्रुपवर फोटो टाकला, मेंटेनन्सचा माणूस आला, बेल्ट बदलला, मशीन सुरू झालं. रजिस्टरात दोन ओळी लिहिल्या, सही झाली. काम संपलं. यानंतर त्याने हात धुऊन, केबिनपर्यंत चालत जाऊन, टॅबवर आपला नंबर आणि पासवर्ड टाकून, तीच गोष्ट पुन्हा इंग्रजीत सांगायची आहे. कशासाठी? साहेबांच्या पडद्यावर एक लाल ठिपका उमटावा म्हणून. तो माणूस पाळी सुटताना पाच मिनिटांत पाच नोंदी का करतो ते मला तरी समजतं. आपण शाळेत महिनाभराची शुद्धलेखनाची वही शेवटच्या दिवशी बसून कशी भरायचो?

तेव्हा लोक जुन्या वळणाचे आहेत हा विचार आधी काढून टाक. तुझेच सुपरवायझर व्हॉट्सॲपवर फोटो आणि आवाजी निरोप टाकतात. तुझे कामगार दिघ्याहून, कळव्याहून येताना लोकलचा पास मोबाईलवर काढतात. दादांनीसुद्धा गेटबाहेरच्या टपरीवर चहाचे पैसे स्कॅन करून दिलेले तू पाहिले असशील. नसतील पाहिले तर उद्या पाहा. टपरीवाल्याने त्यांचं ट्रेनिंग घेतलं नव्हतं आणि सर्क्युलरही काढलं नव्हतं. दादांचा सुट्ट्यांचा त्रास वाचला, आणि पैसे पोचल्याचं त्या डबड्याने तिथल्या तिथे ओरडून सांगितलं. यूपीआय २०१६ मध्ये आलं. दहा वर्षांच्या आत भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत ते पोचलं, त्यात त्या ओरडणाऱ्या डबड्याचा वाटा मला फार मोठा वाटतो. तुझ्या ॲपमध्ये नोंद केल्यावर काय होतं? तिसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये आहे, ‘सबमिटेड सक्सेसफुली’. त्यापुढे काही नाही. कोण येणार, कधी येणार, कुणी पाहिलं की नाही, काही नाही. विहिरीत दगड टाकल्यावर निदान आवाज तरी येतो.

तू इंजिनियर आहेस म्हणून थोडं पुस्तकातलं सांगते. मी बँकेतून ट्रेनिंग कॉलेजवर गेले तेव्हा हे वाचलं होतं आणि तेव्हापासून ते डोक्यात बसलंय. फ्रेड डेव्हिस नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९८९ मध्ये एक निबंध छापला. लोक ऑफिसातलं कॉम्प्युटरचं साधन स्वीकारतात की नाही हे कशावर ठरतं, असा प्रश्न होता. त्याने दोन गोष्टी मोजल्या: हे माझ्या उपयोगाचं आहे असं माणसाला वाटतं का, आणि हे वापरायला सोपं वाटतं का. दोन्हींचा संबंध दिसला, पण उपयोगाचा कितीतरी जास्त. साधन उपयोगाचं असेल तर माणूस थोडी कटकट सोसतो. उपयोगाचं नसेल तर ते कितीही सोपं करा, हात लावत नाही. हे आता मॅनेजमेंटच्या प्रत्येक कोर्सात शिकवतात. शिकवताना एक बारीक शब्द मात्र गाळतात. डेव्हिसच्या प्रश्नावलीत ‘हे साधन उपयुक्त आहे का’ असं मोघम विचारलेलं नव्हतं. ‘माझ्या कामात’ याने काम लवकर होईल का, असं विचारलं होतं. माझ्या. कंपनीच्या नाही, साहेबांच्या नाही.

तुझ्या ॲपमधल्या पाचही गोष्टींना हा एक शब्द लावून बघ. रजेचा अर्ज: पूर्वी एचआरच्या टेबलापाशी ताटकळत उभं राहावं लागायचं, आता शिल्लक रजा दिसते, मंजुरीचा मेसेज येतो. म्हणून ऑफिसातले लोक ते वापरतात. त्यांना कुणी दंड लावला होता का? ब्रेकडाऊनची नोंद: भरणाऱ्याला काही नाही, बघणाऱ्याला सगळं. म्हणून ती रिकामी. तुझं ॲप चांगलं की वाईट याचं उत्तर तुझ्याच आकड्यांत आहे. एक पंचमांश चांगलं आहे.

‘अदर’चं कोडं मला दुसऱ्या स्क्रीनशॉटवरच सुटलं. कारणांची यादी मी मोजली, ३४ आहेत. सगळी इंग्रजीत, आणि नवव्या नंबरवर ‘ऑपरेटर निग्लिजन्स’. अगं, स्वतःच्या नावाने लॉगिन करून ‘माझाच हलगर्जीपणा’ यावर कोण बोट ठेवेल? ज्याला इंग्रजी नीट येत नाही त्याला बाकीच्या ३३ मध्ये असा आणखी कुठला खड्डा आहे ते कळत नाही, म्हणून तो सगळ्यात निरुपद्रवी शब्द शोधतो. तो शहाणपणाच करतोय. ती यादी उडव. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे गेल्या दोन महिन्यांचे निरोप वाच आणि त्यांचेच शब्द उचल: बेल्ट तुटला, कूलंट संपलं, लाइट गेली, टूल आलं नाही, माल नाही, सेन्सर. सात-आठच्या वर जाऊ नकोस. आणि त्यात ‘कळत नाही’ हे एक ठेवच. कारण शोधणं हे मेंटेनन्सचं काम आहे, ऑपरेटरचं नाही. ‘कळत नाही’ ही खरी माहिती आहे. ‘अदर’ ही माहितीच नाही.

आता दादा. तुला त्यांचं बोलणं लागलं, कारण लोक हसले. मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि मला हसू आलं नाही. तुझा चौथा स्क्रीनशॉट उघड. हँडओव्हरच्या पानावर उजवीकडे छोट्या अक्षरांत ‘एडिट’ आहे, आणि तू खाली लिहिलंयस की ते फक्त ॲडमिनला दिसतं. ॲडमिन म्हणजे तू, ट्रेनी मुलगा आणि साहेब. म्हणजे दादांनी रात्री अकराला लिहून ठेवलं, ‘चार नंबरच्या मशीनचा स्पिंडल गरम होतोय, पुढच्या पाळीने जपून चालवावं’, आणि सकाळी जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेले भाग, रिजेक्ट झाले, तर ते वाक्य मधल्या वेळात बदलता येतं. कुणी बदललं असं मी म्हणत नाही. बदलता येतं. रजिस्टरात दोन फोरमनच्या सह्या समोरासमोर होतात आणि पानांना नंबर असतात. तीस वर्षांत त्या सहीने दादांना कितीदा वाचवलं असेल याचा हिशोब करून बघ. ते तुला चिडवत नव्हते. तुझ्या सॉफ्टवेअरमधला दोष भर मीटिंगमध्ये, एका वाक्यात, फुकट सांगत होते.

हे मला लगेच कळलं त्याला कारण आहे. मी १९८२ मध्ये ठाण्यात एका सरकारी बँकेच्या शाखेत क्लार्क म्हणून लागले. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट म्हणजे लेजरमध्ये खोडायचं नाही. चूक झाली तर त्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला ऑफिसरची सही. बँकेच्या टेबलावर खोडरबर दिसलं तरी आमचे हेडकॅशियर डोळे वटारायचे. पुढे कॉम्प्युटर येणार अशी कुणकुण लागली तेव्हा मी युनियनमध्ये होते, विरोधाच्या घोषणा दिल्यात मी. गळा बसेपर्यंत. १९८३ मध्ये बँकांची असोसिएशन आणि युनियन यांच्यात यंत्रं आणण्याबद्दल करार झाला, १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला, आणि यथावकाश आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचं मशीन येऊन बसलं. ए.एल.पी.एम. म्हणायचो त्याला. आता सगळे म्हणतात की बँकवाले कॉम्प्युटरला घाबरत होते. आम्ही मशीनला नव्हतो घाबरत. दोनच प्रश्न होते: माणसं कमी होणार का, आणि मशीनवर बसणाऱ्याचा जादा भत्ता कुणाला मिळणार. दोन्हींची उत्तरं लेखी मिळाल्यावर घोषणा हळूहळू थंडावल्या.

आणि विरोध संपला तो एका संध्याकाळी. जूनअखेर आणि डिसेंबरअखेर म्हणजे बचत खात्यांचं सहामाही व्याज हाताने काढायचं, मग बॅलन्सिंग. एक पैसा जुळेना की सगळी शाखा रात्री दहापर्यंत अडकलेली. डोंबिवली-बदलापूरच्या बायकांचा जीव घड्याळात. मशीन आल्यावरच्या पहिल्या सहामाहीला आम्ही सात वाजता बाहेर पडलो. आमच्यातला सगळ्यात कडवा विरोधक स्टेशनच्या जिन्यावर मला म्हणाला, “आज पोरगी जागी भेटेल.” त्यानंतर त्या मशीनविरुद्ध त्याने ब्र काढला नाही. मात्र पुढे कितीतरी दिवस तो मशीनच्या प्रिंटआऊटवर बारीक सही करायचा, स्वतःच्या समाधानासाठी. मॅनेजरने ते कधी अडवलं नाही, हे त्या मॅनेजरचं शहाणपण.

तेव्हा दादांकडे जा, पण चौथं ट्रेनिंग द्यायला नको. पाळी सुटायच्या आधी अर्धा तास, वही-पेन घेऊन, त्यांच्या टेबलाशी, उभ्याने नाही, स्टूल मागून घेऊन बस. म्हण, “दादा, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. एडिटचं बटण मी काढतेय. आणखी काय काय खटकतं ते सांगा.” मग गप्प बस. खरंच गप्प. मध्येच ‘ते फीचर आहे ना, मी दाखवते’ असं म्हणालीस की संपलं. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. परत आल्यावर हँडओव्हर असा कर की दोन्ही फोरमननी मान्य केलं की ते वाक्य कुणालाही बदलता येणार नाही, साहेबांनाही नाही. चूक असेल तर खाली नवी ओळ, नाव आणि वेळेसह. आमच्या लेजरची रेघ तीच. आणि त्या पानाची एक छापील प्रत रोज फाइलला लाव, सह्यांसकट. ऑडिटरच्या कागदाचाही प्रश्न मिटेल आणि हाताने लिहायचं रजिस्टर खरोखर बंद करता येईल.

रजिस्टर बंद करण्याचं मनावर घे. दोन ठिकाणी लिहायला लावायचं आणि वर लोक नव्याला नावं ठेवतात म्हणायचं, हे सगळ्या ऑफिसांत चालतं. दोन्ही चालू असतील तर माणूस जुन्याकडेच जाणार. सही तिकडे आहे. पाचही गोष्टींचं एकदम करू नकोस. ब्रेकडाऊन घे. एक तारीख ठरव. त्या तारखेपासून त्या एका गोष्टीचं रजिस्टर कपाटात, किल्ली दादांकडे. नोंद थेट मेंटेनन्सच्या माणसाच्या फोनवर गेली पाहिजे, आणि त्याने ‘निघालो’ दाबलं की मशीनजवळ दिवा लागला पाहिजे किंवा टॅबवर नाव दिसलं पाहिजे. टॅब केबिनबाहेरून उचलून मशीनच्या रांगेत आण, दोन-तीन लाव. पासवर्डऐवजी ओळखपत्राचं कार्ड दाखवलं की उघडेल असं जमतं का बघ. पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क दगा देतं, तेव्हा नेट नसताना नोंद टॅबमध्येच साठून राहील एवढं तरी कर. साहेबांचा डॅशबोर्ड असू दे, तो या सगळ्याचा उरलेला माल म्हणून भरत राहील.

लोकेशनबद्दल तू माझ्याशी खरं बोलतेयस यावर माझा विश्वास आहे. पण पाचव्या स्क्रीनशॉटमध्ये ॲप जी परवानगी मागतंय ती ‘सर्व वेळ’ची आहे. तू घेत नसशील, मागून मात्र ठेवलीयस. म्हणजे उठलेली अफवा पूर्ण अफवा नाही. हजेरी गेटवर होते ना? मग गेटवरच्या मशीनवर अंगठा किंवा कार्ड ठेव आणि ही परवानगीच काढून टाक. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती वापरायला मालकाला मोकळीक आहे, हे तुझे साहेब तुला ऐकवतील. ऐकवू देत. कामासाठी लागत नाही ती मागायची कशाला? काढल्यावर नोटीस बोर्डवर मराठीत आणि हिंदीत चार ओळी लाव: ॲप काय घेतं, कुणाला दिसतं, किती दिवस राहतं, काय घेत नाही. खाली तुझं नाव आणि तुझ्या टेबलाचा नंबर.

आता साहेब आणि दंड. हे त्यांना शांतपणे, कागद घेऊन सांग. कामगाराला मनात येईल तेव्हा दंड लावता येत नाही. जुन्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे: कोणत्या चुकीला दंड हे आधी सरकारकडून मंजूर करून घेऊन नोटीस लावावी लागते, कामगाराला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि सगळे दंड मिळून त्या पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता येत नाही. आणि जो माणूस आठ तास मशीनवर उभा होता त्याची ॲपवर हजेरी नाही म्हणून पगार कापणं म्हणजे भांडण दारात बोलावून आणणं. गैरहजेरीची कपात खऱ्या गैरहजेरीचीच होते. असं सर्क्युलर तुझ्या सहीने निघू नये. कामगार आयुक्तांच्या ऑफिसात ते वाचून दाखवलं जाईल तेव्हा साहेब मीटिंगमध्ये असतील.

सक्तीने होतच नाही असं मी म्हणणार नाही. होतं, काही दिवस. याच डेव्हिसने वेंकटेश नावाच्या सहकाऱ्याबरोबर २००० मध्ये केलेल्या अभ्यासात जिथे वापर सक्तीचा होता तिथे वरिष्ठांच्या म्हणण्याचा जोर सुरुवातीला दिसला, तीन महिन्यांनी तो ओसरला होता. तुझी दिवाळी तीन महिन्यांवर आहे. म्हणजे साहेबांना शंभर टक्क्यांचा आकडा दिवाळीत मिळेलही, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पुन्हा सगळीकडे ‘अदर’.

त्यांना आकडेच आवडत असतील तर एक जुनी गोष्ट सांग. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात पायजमे शिवणारा एक कारखाना होता. तिथे काम करायची पद्धत बदलली की बायका नाराज व्हायच्या, उत्पादन पडायचं. कॉच आणि फ्रेंच या दोघांनी १९४८ मध्ये त्यावर लिहिलं. एका गटाला बदल नुसता सांगितला: उत्पादन घसरलं ते वर आलंच नाही आणि ४० दिवसांत १७ टक्के जणींनी नोकरी सोडली. दुसऱ्या गटांना बदल ठरवतानाच बसवून घेतलं: त्यांचं काम लवकरच पूर्वीच्याही वर गेलं आणि त्या काळात एकही सोडून गेली नाही. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. पहिल्या गटात ज्या उरल्या होत्या, त्याच बायकांना काही महिन्यांनी पुढच्या बदलाच्या वेळी चर्चेत घेतलं, तर त्यांनीही तसंच काम करून दाखवलं. माणसं तीच होती.

पण यातही सावध राहा. पुढे नॉर्वेतल्या एका बुटांच्या कारखान्यात असाच प्रयोग केला, तिथे एवढा फरक पडला नाही. कामगारांना विचारलं गेलं होतं ते किरकोळ गोष्टींबद्दल. तेव्हा ‘होम स्क्रीनचा रंग कोणता हवा’ असला सर्व्हे काढू नकोस. चार जणांना घे: दादा, मेंटेनन्सचा एक फिटर, एक बाई असेंब्लीतली, आणि रात्रपाळीचा एक तरुण ऑपरेटर जो ॲपला सगळ्यात जास्त शिव्या घालतो. त्यांनी एखादी गोष्ट नको म्हटली तर ती निघेल, एवढा अधिकार त्यांना असू दे. तो साहेबांकडून आधी कबूल करून घे, नाहीतर ही मीटिंग बोलावूच नकोस.

साहेबांना काय मागायचं ते नीट सांगते, कारण तिथे तू गुळमुळीत बोलशील अशी मला भीती आहे. दंडाच्या जागी तीन गोष्टी माग. दोन-तीन टॅब आणि कार्ड रीडरचा खर्च. ब्रेकडाऊनचं रजिस्टर बंद करायची लेखी परवानगी. आणि या नोंदींवरून कुणाचा इन्सेंटिव्ह कापला जाणार नाही, असं त्यांच्या सहीचं एक पत्रक. तिसरी सगळ्यात अवघड आहे आणि तिच्यावरच सगळं अडलंय. ती मिळाली नाही तर पहिल्या दोन घेऊन फार काही होणार नाही, हेही त्यांना सांगून टाक. बदल्यात त्यांना एकच आकडा दे: मशीन थांबल्यापासून मेंटेनन्सचा माणूस पोचेपर्यंत किती मिनिटं गेली. तो कमी होताना दिसला की शंभर टक्क्यांचा विषय ते स्वतःच विसरतील.

एक राहिलं. तू पत्रात तिन्ही ट्रेनिंगच्या वेळा लिहिल्यात, तिन्ही सकाळी अकराच्या. रात्रपाळीच्या लोकांनी झोप मोडून यायचं होतं का? एक रात्र तू जा. घरी सांगून, कंपनीच्या गाडीने, ट्रेनी मुलाला बरोबर घेऊन. लॅपटॉप नेऊ नकोस. पहाटे तीनच्या सुमाराला एखादं मशीन थांबेलच, तेव्हा बाजूला उभी राहून नुसतं बघ, कोण कुणाला काय सांगतो आणि कुठे लिहितो. मग दादांकडे जायचं. तिथून आल्यावर मला पुन्हा लिही, आणि ‘एडिट’चं बटण निघालं का ते पहिल्या ओळीत कळव.